तारेला खारं पाणी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझा बाप लहानपणापासून म्हणत आला, आणि त्याच पायांना नोकरी लागली ती दिवसभर खुर्चीवर बसायची. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला मी अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. डोक्यावर हेडसेट, छातीवर शिंगासारखा वर आलेला बोलायचा भोंगा, आणि दोन्हींची वायर समोरच्या बोर्डात खोचलेली. उठलं की हिसका बसायचा. दाव्याला बांधलेली गाय तरी दोन पावलं इकडेतिकडे सरकते, मला तेवढीही सोय नव्हती. मी बसल्या जागी पाय हलवायची, खुर्ची कुरकुरायची आणि मागून सुपरवायझर बाईंचा आवाज यायचा, "पाय!"

बाई पुण्याकडच्या. आमचं वऱ्हाडी बोलणं त्यांच्या कानाला भांडणासारखं लागायचं. "नंबर प्लीज" म्हणताना आवाज जरा वर न्यायचा, "थांबा"च्या आधी "कृपया" लावायचं, 'का' विचारायचा आमचा "काहून" हा शब्द चपलांबरोबर दाराबाहेर काढून यायचं, असे त्यांचे नियम होते. मी ते पाळायची. पण माझं "कृपया"सुद्धा दटावल्यासारखं येतं अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती.

तरी त्या नोकरीवर माझा जीव होता. पुढ्यातल्या बोर्डावर भोकांच्या रांगा असत. एकेक भोक म्हणजे गावातला एकेक फोन, आणि प्रत्येक भोकावर एक चिमुकली पितळी पडदी. तिकडे कुणी फोनचं हँडल फिरवलं की इकडे त्याची पडदी टपकन पडायची. मग दोरीचा पितळी खुंटा त्या भोकात खुपसायचा आणि हुकूम सोडायचे. बोला. थांबा. रिसीव्हर ठेवा. पुन्हा हँडल फिरवा. आणि माणसं ऐकायची! वकील, डॉक्टर, कापसाचे अडते, सगळे निमूट ऐकायचे.

आमच्या वस्तीतल्या पोरीचं कुणी ऐकावं असा काही प्रघात नव्हता. बाप कापूस पिंजायच्या एका जिनात सरकीची पोती वाहायचा. छपन्न साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा त्याने घरातले देव उचलले आणि मला बजावलं, की काहीही होवो, शाळा सोडायची नाही. मी मॅट्रिक झाले, परीक्षा दिली, नोकरीला लागले, आणि एक दिवस ज्याच्या जिनात बाप पोती वाहत होता त्याच मालकाला म्हटलं, "कृपया थांबा." तो थांबला. घरी जाऊन बापाला हे सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि आईने त्याच्या पाठीत धपाटे घातले.

लग्न झालं ते खात्यातल्याच लाइनमनशी. हा माणूस खांबावर माकडासारखा चढायचा आणि जमिनीवर उतरला की मुका व्हायचा. त्याची ड्यूटी बाहेरगावी तारांवर, माझी बोर्डावर. कुठे लाइन दुरुस्त केली की तो खांबावरूनच तपासणीचा फोन जोडून मला हाक मारायचा, "हॅलो अमरावती. आवाज येऊन राह्यला का तुमाले?" तारेवर खासगी बोलायला बंदी होती, म्हणून घरी मला 'तू' म्हणणारा नवरा तारेवर 'तुम्ही' म्हणायचा. मी खुर्चीवरून हुकूम द्यायची आणि तो उन्हात चढ-उतर करायचा. उंटावरून शेळ्या हाकायचाच मला पगार होता म्हणा ना.

त्याचं गाव दर्यापूरकडे, काळ्या मातीतलं, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. तिथे माझी सासू एकटी राहायची. तिला मी आत्याबाई म्हणायची. लोकांच्या शेतात निंदण-खुरपण करून तिने एकुलता मुलगा वाढवला होता. हाताने कडक, बोलायला त्याहून कडक. लग्नानंतर काही दिवस तिच्याकडे राहिले होते. तिथल्या आमच्या वस्तीची विहीर गावशाळेच्या मागेच. पाणी इतकं खारं की तोंड धुतलं तर ओठ चरचरायचे, आणि घागरी वाहून माझ्या हातांना चिरा पडल्या होत्या. आत्याबाई माझे हात बघून म्हणाली होती, "होतीन सवयीचे." पण मला ती सवय करून घ्यायची नव्हती.

माझ्या नोकरीचं तिला सुरुवातीपासून वावडं होतं. त्या उन्हाळ्यात माझी अकोल्याला बदली निघाली तेव्हा ते उफाळून आलं. अकोल्याचं बोर्ड मोठं, मुंबई-नागपूरच्या लांब पल्ल्याच्या ट्रंक लाइनी तिथून जात. मला तिथे मोठ्या बोर्डावर बसायला मिळणार होतं. मला तर ऑर्डर हातात आल्यापासून झोप नव्हती, कधी एकदा जाते असं झालं होतं. पण जायचं की नाही ते महिन्याच्या आत लिहून द्यायचं होतं. नवरा गावी गेला आणि आईला सांगून आला. तिने काय उत्तर दिलं हे त्याने मला भीतभीतच सांगितलं.

"माय म्हनते, दिवसभर परक्या मानसायच्या कानात बोलते, हे कोनतं काम हाय? आता तं घर सोडून परगावी चालली. लोकं मले इचारतेत, मी का सांगू?"

"मंग?"

"मंग म्हने, गावातली लाइन झाली का तिचा राजीनामा घेऊन ये अन् तिले इकडे आनून टाक."

"अन् तुमी का म्हटलं?"

त्याने ताट पुढे ओढलं. मी पोळी तव्यावर तशीच टाकून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अवो, हो म्हना, नाई म्हना, कायतरी म्हना न!"

"पाहू," तो म्हणाला. पोळी करपली ती करपलीच. त्या एका 'पाहू'चा मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्याच्याशी तारेवरचंच बोलले. जेवण वाढलं आहे. पाणी ठेवलं आहे. कृपया उठा.

हे 'गावातली लाइन' प्रकरण असं, की त्याच सुमारास खात्याने त्याच्या गावात सार्वजनिक टेलिफोन बसवायचं ठरवलं होतं. पोस्टाचं काम बघणारे तिथले शाळेचे गुरुजी, त्यांच्याच शाळेच्या एका खोलीत फोन राहणार होता. दर्यापूरपर्यंत खांब होतेच, पुढचे नवे गाडले गेले. तार ओढायचं काम नेमकं माझ्या नवऱ्याकडे आलं. माझ्या बोर्डावर एक रिकामं भोक होतं, ते त्या गावाला मिळालं. बाईंनी गावाचं नाव लिहून त्यावर चिकटवलं. मी रोज त्या भोकाकडे बघायची. एखाद्या नव्या लाइनीची मी अशी वाट कधी पाहिली नव्हती आणि ती कधीच होऊ नये असंही कधी वाटलं नव्हतं. ती पडदी पडली की माझा राजीनामा मागायला माझाच माणूस घरी येणार होता.

आता जमिनीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अशा लांबच्या गावांना खातं दोन तारा देत नसे, एकच द्यायचं. आवाज जायचा तारेतून आणि परतीचा रस्ता जमिनीतून. त्यासाठी दोन्ही टोकांना जमिनीत लोखंडी सळई गाडून ठेवायची. जमीन ओली असली तर काम चोख, कोरडी पडली की लाइन खरखरते, मग पुटपुटते, मग मरते. आमच्या एक्स्चेंजच्या आवारातही असा खड्डा होता. उन्हाळ्यात शिपाई त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचा, आणि पाण्यात खडेमीठ घालायचा, कारण मिठाने ओल धरून राहते. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात मी त्याला विचारलं होतं, "काका, इथे काय पेरलं?" तो गंभीरपणे म्हणाला होता, "फोन." पुढे कितीतरी दिवस सगळ्या एक्स्चेंजला तो विनोद पुरला.

दर्यापूरकडची काळी माती उन्हाळ्यात काय होते ते वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. भेगा अशा पडतात की कोंबडीचं पिल्लू आत गेलं तर सापडत नाही. नवऱ्याने शाळेच्या खिडकीखाली खड्डा केला, सळई गाडली आणि गावकऱ्यांकडून गावविहिरीचं होतं-नव्हतं ते पाणी उपसून घेऊन त्यात ओतलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तपासणी झाली. माझी पडदी टपकन पडली. मी बोलले, तो बोलला. मी इकडून घंटी दिली, तिकडे वाजली. आवाज असा स्वच्छ, की मागे कुणाचा बैल हंबरला तोही ऐकू आला. मी वहीत 'चालू' लिहिलं आणि पेन्सिल बोर्डावर आपटली.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. मोठे साहेब दुपारी जीपने गावात पोचणार आणि पहिला ट्रंक कॉल गावातून अकोल्याला लागणार. तो अर्थातच माझ्या बोर्डावरून जाणार होता. सकाळी नवरा एका ढिल्या खांबाकडे गेला आणि जाताना गुरुजींना सांगून गेला, की खड्डा ओला ठेवा.

ऊन डोक्यावर आलं तशी त्या गावाची पडदी थरथरली, पण पडली नाही. मी तरी खुंटा खुपसला. कानात नुसती खरखर, कढईत जिरं तडतडावं तशी, आणि तिच्या तळाशी कुठेतरी शाळेत परतलेल्या नवऱ्याचा आवाज.

"हॅलो अमरावती! लाइन गेली! तार पाहून आलो, कुठी तुटली नाई!"

तुटली नव्हतीच. तार तुटली तर कानात काहीच येत नाही, विहिरीत डोकं घातल्यासारखं. ही खरखर कोरड्या जमिनीची होती, ती मी झोपेतही ओळखली असती. पण आदल्या दिवशी भरपूर ओतलेलं पाणी, वर ओला ठेवायला सांगितलेलं, तर जमीन कोरडी का? इथे घोडं पेंड खात होतं.

"खड्ड्यात पाणी किती टाकलं?" मी ओरडले. बाई उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजीनं टाकलं म्हने!"

"गुरुजींना द्या."

गुरुजी फोनवर आले ते आनंदात. त्यांना वाटलं मी अभिनंदन करणार आहे. "म्या सोता टाकलं बाई! सकाळीच! तांब्यानं! हळदी-कुकू वाह्यलं, नारळ फोडला, खड्डा कसा छान सारवून घेतला. गोडं पानी टाकलं, गोडं!"

"गोडं काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं. मागे बाईंनी श्वास आत ओढला.

"अवो बाई, पाहुन्याले का खारं पानी देतेत? सरकारची वस्तू आली गावात!"

मला एकदम सगळं कळलं. त्या भागात गोडं पाणी लांबच्या मळ्यातून बैलगाडीने यायचं. घरात ते देवासारखं झाकून ठेवायचं, आणि पाहुणा आला की तांब्याभर पुढे करायचं. खारं पाणी गुरांना आणि धुण्याला. पाहुण्याला ते दिलं तर पिढ्यानपिढ्या बोल लागतो. गुरुजींनी फोनचा पाहुणचार केला होता. घरच्या पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर दिलं, मनापासून दिलं, आणि वर शेणाने सारवून खड्ड्याचं तोंड बंद केलं. ते तांब्याभर पाणी भेगेतून केव्हाच पाताळात गेलं होतं. दुसरा कुठला प्रसंग असता तर मी हसून लोळले असते.

"गुरुजी, ऐका. सारवण खरवडून काढा. खारं पाणी टाका. बादल्यांनी टाका. खड्डा बुडेपर्यंत."

"विहिरीत तं चिखल राह्यला बाई. काल तुमच्या लाइनमननंच आमच्याकडून सारं उपसून घेतलं."

"दुसरी विहीर?"

खरखर. मला वाटलं लाइन गेली. मग आवाज आला, पण आनंद गेलेला. "दुसरी हाय तं... शाळेच्या मांगं. पन ते..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तो 'पन' मला ओळखीचा होता. त्या विहिरीच्या घागरींनीच माझे हात फुटले होते. वस्तीबाहेरच्या कुणीही त्या विहिरीला कधी पोहरा लावला नव्हता. आणि आमच्या माणसाने भरून आणलेलं पाणी हळदी-कुंकू वाहिलेल्या खड्ड्यात, पोस्टाच्या खिडकीशी ओतायचं म्हणजे काय, हे गुरुजींना कळत होतं आणि मलाही. गुरुजी मला ओळखत नव्हते. त्यांच्या लेखी मी अमरावती होते.

माझे पाय बोर्डाखाली नाचायला लागले होते. एकीकडे मनात येत होतं, गप्प राहा. लाइन मेली तर उद्घाटन पुढे जाईल, राजीनामाही पुढे जाईल. ही अवदसा मला खरोखर सुचली. दुसरीकडे तो अर्धा सोडलेला 'पन' कानात खुपत होता, आणि तो काही केल्या मला सहन होईना.

"शाळेच्या मागच्या विहिरीचं पाणी काढा," मी म्हटलं. "वस्तीतल्या लोकांना बोलवा, तुम्ही स्वतः बादली घ्या, लाइनमनला घ्या. रिसीव्हर टेबलावर उघडा ठेवा. मी ऐकते आहे. साहेब दर्यापूरहून निघाले आहेत."

कृपया लावलं नाही. बाईंनीही ते मागितलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "बाकीचे कॉल मी घेते," आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

मग मी बसून राहिले. त्या वेळची माझी अवस्था सांगता येत नाही. कान तिकडे, पाय इथे, आणि वायरीचा हिसका मानेला. अमरावतीहून धावत सुटावं, दर्यापूरची एसटी पकडावी आणि स्वतः बादली ओढावी असं होत होतं. कानात नुसती तडतड. गुरुजी गेले का? की ओट्यावर बसून जीपची वाट बघताहेत? मी दोनदा "हॅलो" म्हटलं. उत्तर कोण देणार?

मग खरखर जराशी बसली. आधी वाटलं भास आहे. पुन्हा थोडी बसली. पहिलं पाणी जमिनीत उतरलं होतं. प्रत्येक बादलीसरशी आवाजावरचं एकेक पोतं कुणी उचलावं तशी खोली माझ्या कानात उघडत गेली. रहाटाचं कुरकुरणं आलं. बादली दगडावर आपटल्याचा आवाज आला. दोन-चार माणसं एकदम बोलत होती. आणि मग खिडकीतून सरळ माझ्या कानात, जिला मी हजारांत ओळखलं असतं ती आत्याबाई.

"तिकडे नोका ओतू गुरुजी, सळईच्या बुडाशी ओता. हात हलवा न जरा!"

मी तोंडावर हात ठेवला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

थोड्या वेळाने नवऱ्याने रिसीव्हर उचलला. धापा टाकत होता. "हॅलो. आता सांग, येऊन राह्यला आवाज? अजून टाकू?"

तो तारेवर मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला होता. त्याच्या लक्षातही आलं नसावं.

"येतो आहे. कोणीतरी बोलत राहा, आणि तुम्ही बाहेर जाऊन तारेचा जोड हलवून बघा. बोलणं तुटतं का ते मला ऐकायचं आहे."

हा तपासणीचा नेहमीचा रिवाज. एकाने बोलत राहायचं, दुसऱ्याने जोड हलवायचा. गुरुजी जीप दिसते का बघायला रस्त्यावर गेले होते. नवऱ्याने मग इकडेतिकडे पाहिलं असावं, आणि खिडकीबाहेर खड्ड्याशी उभ्या असलेल्या आईच्या हातात गजांतून रिसीव्हर दिला. ती आत आली नाही. बोलावल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकणाऱ्यांतली ती नव्हतीच. मला वायरीचं गजांवर घासणं ऐकू आलं, मग तिचा श्वास.

"बोला," मी म्हटलं.

"कोन हाय वं?"

"अमरावती."

"अमरावती म्हंजे तूच न?"

"हो, आत्याबाई."

"मंग तसं सांग न. का बोलू? हा म्हनते बोलत राह्य."

"काहीही बोला. मला फक्त आवाज ऐकायचा आहे."

"मले नाई येत बाप्पा असं कायीही बोलता." पण मग ती बोलली, हळू, खिडकीच्या गजांना तोंड लावून बोलावं तशी. "पानी टाकलं आम्ही. खड्डा भरला. रोज टाकाव लागते म्हने उन्हाळाभर. मी टाकीन. हा गुरुजी काही टाकत नाई." वायर पुन्हा गजांवर घासली. "तो आपल्या विहिरीवर आला होता वं. सोता. त्यानं रहाट ओढला. मी इथं कितीक वरसं झाली पाहून राह्यली, आजलोक कोनी आलं नाई. मी म्हटलं, कोनाच्या सांगन्यावरून आला बाप्पा हा? तं पोरगा म्हने, अमरावतीवरून हुकूम आला."

नवरा जोड हलवत असेल, पण आवाज कुठे तुटला नाही. मी वहीत पुन्हा एकदा 'चालू' लिहिलं.

"आयकून राह्यली न?"

"ऐकते आहे."

"ते अकोल्याचं... तुमचं ते... ते याहून मोठं हाय का?"

"खूप मोठं आहे, आत्याबाई."

"मंग इथं काहून बसली?"

तेवढ्यात तिकडे जीपचा आवाज झाला, गलका झाला, आणि रिसीव्हर तिच्या हातातून गेला. ती दूर जाता जाता कुणाला तरी दटावत होती, की खड्ड्यात पाय नोको देऊ. माझे डोळे भरून बोर्ड दिसेना. चाचपडतच मी अकोल्याची दोरी उचलली.

साहेबांचा कॉल लागला. गाव ते अमरावती, अमरावती ते अकोला. साहेब काय बोलले ते मला आठवत नाही, भाषणच केलं बहुतेक. आवाज मात्र काचेसारखा होता. कॉल संपला, पडद्या पडल्या. दोऱ्या काढायच्या आधी अकोल्याच्या बोर्डावरच्या बाईने नेहमीसारखं विचारलं, "अमरावती, संपलं?" तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. रोज फक्त आवाज.

"संपलं," मी म्हटलं. "तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे ना? पुढच्या महिन्यापासून मी बसणार आहे तिच्यावर."

मागून बाईंचा आवाज आला, "खासगी बोलणं नको."

"खासगी नाही बाई," मी म्हटलं, "बदलीचं आहे." आणि दोरी ओढून काढली.